पुढे गारवा, मागे उकाडा

या महिन्यातील बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. गाडीत पुढे बसणाऱ्यांना एसी किंवा हीटर यांबद्दल काही तक्रार नसते, पण मागच्या रांगांतील मंडळी उन्हाळ्यात घामाघूम होतात आणि थंडीत कुडकुडतात. पत्रे संक्षिप्त करून, सारखे प्रश्न एकत्र करून खाली उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या तीन रांगांच्या गाडीत मागच्या प्रवाशांसाठी छतात एसीची तोंडे असून मागे वेगळा ब्लोअर आहे. पुढे हवा गार येते. मागे वारा भरपूर येतो, पण तो कोमट असतो. गॅरेजमध्ये दोनदा गॅस भरून घेतला. दोन्ही वेळा काही आठवडे बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता मागची कूलिंग कॉइल बदलावी लागेल असे सांगण्यात आले आहे. खर्च मोठा आहे. कॉइल बदलावी का?

उत्तर : गळती नेमकी कोठे आहे हे कोणी दाखवून देत नाही तोवर बदलू नये. गळती आहे, एवढे मात्र आपल्या पत्रावरूनच उघड होते. एसीतला गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि जोडांतून वर्षानुवर्षांत तो किंचित झिरपतो हे खरे असले, तरी गॅस भरल्यावर हवा गार होते आणि काही आठवड्यांत पुन्हा कोमट होते, याचा अर्थ गॅसला बाहेर पडायला वाट मिळाली आहे. ती वाट बुजवल्याशिवाय तिसऱ्यांदा गॅस भरणे म्हणजे पुन्हा तेवढ्याच आठवड्यांचा गारवा विकत घेणे होय.

गॅस कमी झाला तर पुढेही गारवा कमी व्हायला हवा, मग एकट्या मागच्याच लोकांना त्रास का, अशी शंका पुष्कळांना येते. आपल्यासारख्या गाड्यांत गॅस दाबणारा कंप्रेसर एक, तो थंड करून द्रवरूप करणारा कंडेन्सर एक, पण हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइल दोन असतात. द्रवरूप झालेला गॅस एका फाट्यावरून दोन्हींकडे जातो आणि प्रत्येक कॉइलच्या तोंडाशी द्रवाचा दाब उतरवून तो कॉइलमध्ये सोडणारा स्वतंत्र एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतो. पुढच्या कॉइलपर्यंतचे अंतर थोडे असते. मागची नळी मात्र गाडीच्या जवळजवळ संपूर्ण लांबीची असते. यंत्रणेत गॅस पुरेसा असतो तेव्हा ही नळी द्रवाने भरलेली राहते. तो कमी झाला की द्रवात वाफेचे बुडबुडे मिसळतात, लांबच्या प्रवासात दाब आणखी उतरतो आणि मागच्या व्हॉल्व्हला द्रवाऐवजी निम्मीशिम्मी वाफच मिळते. उष्णता शोषली जाते ती द्रवाची वाफ होताना. वाफच आली, तर कॉइल गार होणार कशी? म्हणून गॅस थोडासा कमी झाला तरी त्याची चाहूल आधी मागे लागते आणि पुढे ती पुष्कळ उशिरा लागते.

तरीही मागची कोमट हवा म्हणजे गॅसच कमी, असे गृहीत धरू नये. ज्या गाडीत मागे हीटरही असतो, तेथे गार आणि गरम हवा मिसळणारा एक फ्लॅप असतो. तो गरम बाजूला अडकला, तर कॉइल बर्फासारखी गार असूनही प्रवाशांना कोमट वाराच मिळतो. या दोन शक्यता हाताने चाचपून वेगळ्या करता येतात. डिक्कीच्या बाजूच्या पॅनेलमागे, चाकाच्या कमानीजवळ, मागच्या युनिटकडे जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या बहुधा सापडतात : एक बारीक, एक जाड. गाडी मोकळ्या जागेत सुरू ठेवून पुढचा व मागचा एसी पूर्ण गारव्यावर आणि दोन्ही ब्लोअर मोठ्या वेगावर दहा मिनिटे चालू द्यावेत आणि मग नळ्यांना हात लावावा. बारीक नळी कोमट ते गरम असते आणि जाड नळी स्पष्ट गार, दमट हवेत तर दवाने ओली, असायला हवी. जाड नळी गार आहे आणि तरीही वारा कोमट आहे, तर दोष फ्लॅपकडे किंवा तो फिरवणाऱ्या छोट्या मोटरकडे आहे. गॅसचा तेथे काही संबंध नाही. जाड नळी गार होतच नसेल, तर एकतर गॅस कमी आहे किंवा मागचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला आहे. बारीक नळीवर व्हॉल्व्हच्या अलीकडेच एखाद्या ठिकाणी घाम किंवा हिम दिसले, तर तेथे नळी दबली आहे अथवा कचऱ्याने तुंबली आहे. ज्या गाडीत हे पॅनेल सहज निघत नाही, तेथे जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून नळ्या शोधू नयेत. ते काम लिफ्ट असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

आता गॅरेजमध्ये काय मागावे ते सांगतो. पहिली मागणी अशी करावी, की आत असलेला गॅस यंत्राने काढून त्याचे वजन करा आणि तो आकडा मला सांगा. गॅस किती ग्रॅम हवा हे बॉनेटखालच्या लेबलावर लिहिलेले असते. एकाच कॉइलच्या लहान गाडीत तो ५०० ग्रॅमच्या आसपास असू शकतो, तर दोन कॉइलच्या मोठ्या गाडीत एक किलोपर्यंत किंवा त्याहूनही जास्त लागतो. गेज लावून दाब बघून गॅस ‘पुरेसा’ ठरवण्याची पद्धत सर्रास दिसते आणि माझ्या मते मागच्या एसीच्या निम्म्या तक्रारी तिथेच जन्माला येतात. एसी बंद असताना यंत्रणेत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी आतला दाब केवळ तापमानावर ठरतो. आर-१३४ए हा गॅस (गाड्यांच्या एसीतील एक प्रकार) असलेल्या यंत्रणेत २५ अंश सेल्सिअसला तो गेजवर साडेपाच बारच्या थोडा वर असतो, मग आत गॅस पूर्ण असो वा त्याच्या निम्मा. एसी चालू असतानाचा दाबही बाहेरची उष्णता, कंडेन्सरवरचा वारा आणि कंप्रेसरचा वेग यांप्रमाणे बदलतो. एका कॉइलच्या गाडीत अंदाज थोडा चुकला तरी निभावून जाते. दोन कॉइलच्या गाडीत तीच चूक मागच्या रांगेला भोवते. जास्त भरल्यानेही लाभ होत नाही. दाब वाढतो, कंप्रेसरवर ताण येतो आणि गारवा उलट घटतो.

काढलेल्या गॅसचे वजन कमी निघाले, तर गळती शोधायची. रिकाम्या यंत्रणेत दाबाखाली नायट्रोजन भरून, अतिनील दिव्यात चमकणारा रंग मिसळून किंवा गॅस हुंगणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाने ती शोधता येते. आपल्या गाडीत मी आधी गाडीच्या पोटाखालून मागे जाणाऱ्या नळ्या पाहायला सांगेन. दगड, चिखल, ओलावा आणि क्लिपांशी होणारे घर्षण यांनी त्या झिजतात, आणि गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही बाहेर येत असल्याने गळतीच्या जागी धूळ चिकटलेला तेलकट डाग पडतो. त्यानंतर जोडांमधील रबरी रिंगा पाहाव्यात. कॉइलचा क्रमांक यानंतर येतो. तिच्यातली गळती पडताळण्यासाठी पॅनेल उघडण्याआधी तिच्या पाण्याच्या निचऱ्याच्या नळीशी उपकरण धरून पाहता येते. कॉइलच दोषी निघाली, तर ती बदलावी, त्याबरोबर मागचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ओलावा शोषणारा ड्रायरही नवा घालावा, व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवावा, सुट्या झालेल्या भागाबरोबर गेलेले तेल भरून काढावे आणि मगच लेबलावरच्या वजनाइतका गॅस भरावा.

गळती ‘आतून’ बुजवणारी रसायने या काळात कोणी सुचवली, तर ती टाळावीत. व्हॉल्व्हचे सूक्ष्म छिद्र त्यांना गळतीपासून वेगळे ओळखता येत नाही, आणि असे रसायन असलेल्या गाडीला बरीच चांगली गॅरेजे आपले गॅस काढणारे यंत्र लावायला तयार होत नाहीत. गॅसचा जोड घरी सैल करून पाहण्याचा मोहही आवरावा. आर-१३४ए साधारण उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे त्याच्या फवाऱ्याने त्वचा आणि डोळे क्षणात गोठतात. शिवाय तो हवेत सोडणे म्हणजे वजनाच्या १४३० पट कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा, सौम्य ज्वलनशील गॅस असतो. या दोघांची सरमिसळ कधीही होऊ देऊ नये.

प्रश्न : मागच्या ब्लोअरला चार वेग आहेत. पहिल्या तिन्हींवर काहीच होत नाही, चौथ्यावर मात्र तो जोरात फिरतो. मोटर खराब झाली आहे का?

उत्तर : चौथ्या वेगावर जोरात फिरते, ती मोटर चालू आहे. दोष बहुधा रेझिस्टरमध्ये आहे. कमी वेगांवर वीज या रेझिस्टरमधून जाते आणि अडथळ्यामुळे मोटरला कमी व्होल्टेज मिळते. सर्वांत मोठ्या वेगावर वीज त्याला वळसा घालून थेट मोटरकडे जाते. म्हणून रेझिस्टर जळला की फक्त शेवटचा वेग उरतो. तो गार राहावा यासाठी तो ब्लोअरच्या हवेच्या मार्गातच बसवलेला असतो आणि दोन-तीन स्क्रू काढल्यावर सुटतो. सुटा भाग स्वस्त असतो, पण तो बदलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, त्याचा प्लास्टिकचा कनेक्टर वितळून काळा झाला आहे का. तसे असल्यास कनेक्टरही बदलावा, अन्यथा नवा रेझिस्टरही जळेल. दुसरे, मोटर हाताने सहज फिरते का. घासत फिरणारी मोटर जास्त वीज ओढते आणि रेझिस्टर पुन्हा पुन्हा बळी पडतो. आपोआप तापमान राखणाऱ्या एसीत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. त्याच्या बिघाडात ब्लोअर कोणत्याही वेगावर चालत नाही किंवा एकाच वेगावर चालत राहतो, बंद करूनही थांबत नाही.

एका वाचकांचा ब्लोअर कोणत्याच वेगावर फिरत नाही. त्यांनी प्रथम पुढच्या पॅनेलवरील मागचा एसी कुलूपबंद करणारे बटण दाबले गेलेले नाही ना, हे पाहावे. हे सांगताना संकोच वाटतो, पण गाडीतील मुलांच्या हातून किंवा गाडी धुताना ते दाबले जाते आणि लोक मोटर बदलायला निघतात. त्यानंतर फ्यूज, मग रिले (वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), मग मोटरच्या कनेक्टरवर वीज येते का हे दाखवणारा टेस्ट लॅम्प, असा क्रम ठेवावा. लॅम्प पेटतो आणि मोटर फिरत नाही, तर मोटर गेली. लॅम्प पेटत नाही, तर तो अर्थऐवजी (म्हणजे गाडीच्या सांगाड्याला केलेल्या ऋण जोडणीऐवजी) थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून पाहावा, कारण गंजलेली अर्थ-जोडणी ही मागच्या भागातली नेहमीची व्याधी आहे. नवा फ्यूज लगेच उडत असेल, तर त्याहून मोठ्या अँपिअरचा फ्यूज कदापि घालू नये.

प्रश्न : एसी सुरू करताच मागच्या उजव्या बाजूच्या पॅनेलमधून काही क्षण टक-टक असा आवाज येतो. त्यानंतर छतातून काहीच हवा येत नाही, पायांशी मात्र गरम हवा येते.

उत्तर : हा आवाज बहुधा फ्लॅप फिरवणाऱ्या मोटरच्या प्लास्टिक दातेरी चाकाचा असतो. एक-दोन दात तुटले की चाक त्याच जागी अडखळत राहते आणि फ्लॅप हलत नाही. अनेक गाड्यांत मागची गार हवा छतातून आणि गरम हवा जमिनीलगत सोडण्याची योजना असते, म्हणून हवेची दिशा ठरवणारा आणि तापमान ठरवणारा असे दोन फ्लॅप आणि त्यांच्या दोन मोटरी असतात. आपल्याकडे दोन्हींचे काम एकाच वेळी चुकत आहे. तेव्हा कोणती मोटर आवाज करते हे पॅनेल उघडून, बोट टेकवून ओळखावे आणि दुसरीही तपासावी. मोटर काढल्यावर फ्लॅपचा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला तर मोटर बदलून भागेल. तो अडकत असेल, तर हवेच्या मार्गात पडलेले नाणे, पेन किंवा खेळण्याचा तुकडा शोधावा, नाहीतर नवी मोटरही तशीच दात मोडून बसेल. नवी मोटर बसवल्यावर तिला फ्लॅपची दोन्ही टोके ‘शिकवावी’ लागतात. काही गाड्यांत एसीचा फ्यूज काढून परत घातल्यावर हे आपोआप होते, काहींत निदान-यंत्र जोडावे लागते. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची रीत दिलेली असते.

प्रश्न : कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदलून घेतल्यापासून पुढचा हीटर चांगला चालतो, पण मागे थंड हवा येते. मेकॅनिक म्हणतो की मागच्या हीटरच्या नळ्याही गंजल्या आहेत, त्या पुढेच जोडून मागचा हीटर कायमचा बंद करून टाकू. ते योग्य ठरेल का?

उत्तर : येथे दोन निराळे प्रश्न एकत्र आले आहेत. कूलंट बदलल्यानंतर लगेच सुरू झालेली तक्रार ही बहुतेक वेळा अडकलेल्या हवेची असते. इंजिनातले गरम कूलंट गाडीखालून लांबवर जाऊन मागच्या हीटर कॉइलमध्ये पोचते आणि परत येते. या लांब मार्गात, विशेषतः कॉइल जमिनीपेक्षा उंच बसवलेली असेल तेव्हा, हवेचा फुगा सहज अडकतो. पंप मग सोप्या वाटेने, म्हणजे पुढच्या हीटरमधून, कूलंट फिरवत राहतो. इंजिन तापल्यावर, म्हणजे साधारण ९० अंशांना पोचल्यावर, मागच्या हीटरच्या दोन्ही नळ्या कापड धरून चाचपाव्यात. दोन्ही गार असतील, तर प्रवाहच नाही : हवा अडकली आहे किंवा वाटेतला व्हॉल्व्ह बंद आहे. एक गरम आणि दुसरी जेमतेम कोमट असेल, तर कॉइल तुंबली आहे. दोन्ही गरम असतील, तर कूलंट आपले काम करत आहे आणि पुन्हा फ्लॅपकडेच पाहायला हवे.

हवा काढण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे यंत्रणेत व्हॅक्यूम करून त्याच्या ओढीने कूलंट भरणे. ते साधन पुष्कळ गॅरेजांत असते. ते नसेल, तर गाडीचे तोंड चढावर ठेवून, दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थंड इंजिनाच्या वेळी टाकीचे झाकण उघडून इंजिन सुरू करावे आणि पातळी उतरेल तसे कूलंट घालत राहावे. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. आत दाब असतो, तो सुटताच १०० अंशांच्या पुढे गेलेले कूलंट उसळून अंगावर येते. सांडलेले कूलंट लगेच पुसावे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते, त्यामुळे लहान मुले व पाळीव प्राणी यांना त्यापासून धोका असतो.

नळ्या खरोखर गंजल्या असतील, तर मेकॅनिकची सूचना हास्यास्पद नाही. अशी नळी भर रस्त्यात फुटली, तर सारे कूलंट वाहून जाते आणि इंजिनाची हानी होते, त्यामुळे नवी नळी मिळेपर्यंत मागचा मार्ग तोडून पुढे जोडणे हा सुरक्षित तात्पुरता उपाय आहे. कायमचा निर्णय मात्र मागे कोण बसते यावर करावा. लहान मुले किंवा वृद्ध मागे बसत असतील आणि थंडी कडक असेल, तर नळ्या बदलाव्यात. पूर्ण लांबीची नळी मिळत नसेल, तर गंजलेला तुकडा कापून कूलंटसाठीचीच रबरी नळी आणि योग्य क्लॅम्प वापरता येतात, फक्त ती एक्झॉस्टपासून दूर आणि नीट बांधलेली असावी.

प्रश्न : आमच्या पाच आसनी गाडीत दोन पुढच्या आसनांमध्ये मागच्या बाजूला एसीची तोंडे आहेत. तेथे हवा क्षीण येते. मागची कॉइल तपासावी का?

उत्तर : आपल्या गाडीत बहुधा मागे कॉइल नाहीच. अशी तोंडे पुढच्याच युनिटमधून जमिनीवरून नेलेल्या प्लास्टिकच्या नळीने हवा घेतात. पुढचा केबिन फिल्टर बदलावा, हवेची दिशा केवळ काचेकडे किंवा पायांकडे नाही हे पाहावे आणि मधल्या कन्सोलखाली नळीचा जोड सुटलेला नाही ना ते तपासावे. काही गाड्यांत छतातील तोंडांमागे केवळ पंखा असतो, जो केबिनमधली हवाच खेचून पुढे ढकलतो. त्याची जाळी सामानाखाली झाकली गेली, की त्याचा उपयोग संपतो.

प्रश्न : लांबच्या प्रवासात तास-दीड तासाने मागचा वारा कमी होत जातो. गाडी थांबवून पुन्हा निघालो की तो पूर्ववत होतो. याशिवाय डिक्कीतील गालिचा ओला होतो.

उत्तर : मागच्या कॉइलवर बर्फ साठत आहे. हवेतील ओलावा कॉइलवर गोठतो, तिच्या पात्यांमधल्या फटी बुजतात, वारा अडतो. एसी थांबला की बर्फ वितळतो. याची कारणे तीन : कॉइलवर साचलेली धूळ व केस, सतत सर्वांत कमी वेगावर ठेवलेला ब्लोअर, किंवा तापमान मोजणारा सेन्सर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांतला दोष. मागच्या युनिटला बऱ्याच गाड्यांत फिल्टर नसतो, त्यामुळे गालिच्यावरचा सारा केर थेट कॉइलवर जाऊन बसतो. पहिल्या कारणापासून सुरुवात करावी. प्रवासात तात्पुरता उपाय म्हणून एसीचे बटण बंद करून मागचा ब्लोअर दहा मिनिटे मोठ्या वेगावर चालू ठेवावा.

ओल्या गालिच्याचे मूळही तेथेच असण्याचा संभव आहे. वितळलेले पाणी बाहेर नेणारी नळी कॉइलच्या पेटीच्या तळातून गाडीखाली उतरते आणि चिखलाने तुंबते. खालच्या टोकाकडून मऊ तारेने किंवा हलक्या हवेने ती मोकळी करावी, जोराची हवा सोडल्यास आतला जोड निसटतो. त्याआधी ओलाव्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपून पाहावा. तो रंगहीन आणि वासरहित असेल, तर हे एसीचे पाणी आहे. तो रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचा असेल, तर मागची हीटर कॉइल गळत आहे, आणि अशा वेळी टाकीतील कूलंटची पातळी पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.